रंगकामाचं कोटेशन: पहिल्या मापापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

पुण्यात रंगकामाच्या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. पहिली सात-आठ वर्षं माझं कोटेशन एका ओळीचं असायचं: ‘संपूर्ण बंगला आतून रंगकाम, विथ मटेरियल, अमुक रुपये.’ सिंहगड रोडच्या एका बंगल्यात या एका ओळीपायी मी चौदा ग्रिल आणि नऊ दरवाज्यांना फुकट ऑइल पेंट मारून दिला. मालक काका लबाड नव्हते. ‘संपूर्ण’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर ग्रिलही होत्या, माझ्या डोळ्यांसमोर फक्त भिंती. दोन माणसं सहा दिवस तिथेच अडकली, पुढचं काम लांबलं. घाईत मारलेला रंग दोन-तीन दरवाज्यांवर ओघळला, त्यामुळे काकाही नाराजच राहिले.

एवढ्या वर्षांत माझं ग्राहकाशी दरावरून भांडण क्वचितच झालंय. दर त्यांना आधीच माहीत असतो, परवडला तरच ते काम देतात. कटकट होते ती न लिहिलेल्या गोष्टींवरून. म्हणून कोटेशन कसं लिहायचं ते इथे पहिल्यापासून सांगतो. उदाहरण रंगकामाचं आहे, कारण माझा हात त्यात बसलाय. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतारकाम करणाऱ्यांसाठीही वाट हीच आहे.

एस्टिमेट की कोटेशन, हे आधी ठरवा

आपल्याकडे हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एस्टिमेट म्हणजे अंदाज, त्यात खालीवर होणार हे दोघांनी धरलेलं असतं. कोटेशन म्हणजे दिलेला शब्द. ग्राहकाने ‘ठीक आहे, करा सुरू’ म्हटलं की १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे आपला प्रस्ताव स्वीकारला गेला आणि करार झाला. तोंडी करारही करारच असतो, पण काय ठरलं होतं हे नंतर कोण कशावरून दाखवणार?

जे डोळ्यांना दिसतं आणि टेपने मोजता येतं त्याचं कोटेशन द्या. भिंतीच्या आत दडलेलं असेल त्याचं एस्टिमेट द्या. कन्सील्ड पाइपची गळती शोधायची असेल तर प्लंबरने दोन भाग करावेत: तपासणी आणि फोडकाम ठरलेल्या रकमेत, आणि पुढची दुरुस्ती ‘गळती सापडल्यावर दर कळवू, अंदाजे इतके ते इतके’. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात ‘कोटेशन’ किंवा ‘एस्टिमेट’ असं लिहाच.

भिंत बघितल्याशिवाय आकडा सांगू नका

‘टू बीएचके आहे, साधारण किती होतील?’ असा फोन येतो. मी म्हणतो, ‘ताई, अर्धा तास द्या, येऊन बघून जातो.’ फोनवर सांगितलेला आकडाच ग्राहकाच्या डोक्यात पक्का बसतो. नंतर तुम्ही कितीही बारकाईने माप घेतलं तरी तुलना त्याच आकड्याशी होते.

घरात गेल्यावर आधी तळहात भिंतीवर घासून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. तो खरवडल्याशिवाय लांबी, म्हणजे भिंत गुळगुळीत करायची पुट्टी, धरणार नाही, म्हणजे घासकामाचे दिवस वाढले. मग बोटाच्या पेराने ठोकत पुढे जा. पोकळ आवाज येईल तिथे प्लास्टर सुटलंय. खिडक्यांच्या खालची बाजू, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि वरच्या मजल्याचा स्लॅब या तीन ठिकाणी पापुद्रे आणि पांढरे क्षार शोधा. ओलीचा संशय आला तर दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडा टेपने बंद करून भिंतीला रात्रभर लावून ठेवायला सांगा. सकाळी आतल्या बाजूने थेंब दिसले तर भिंत ओली आहे. त्या भिंतीची हमी कोटेशनमध्ये देऊ नका, आणि देत नाही हे लिहून द्या. कोकणातल्या घरांच्या पावसाकडच्या भिंती तर दसऱ्यालाही पुऱ्या वाळलेल्या नसतात. नवीन प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या.

प्रत्येक खोलीचे चार फोटो आणि दोष दिसेल तिथला एक जवळून फोटो काढा. लिफ्ट आहे का, सोसायटीत कामाची वेळ काय, सामान कोण हलवणार, घरात माणसं राहणार का, हे तिथेच विचारा. राहत्या घरात एकेक खोली रिकामी करत काम चालतं आणि दिवस हमखास वाढतात. ते दिवस दरात धरले नाहीत तर मजुरी आपल्या खिशातून जाते.

माप दोघांसमोर घ्या

आमच्या एका टू बीएचके कामाचं माप घेऊ. भिंतीची उंची साडेनऊ फूट. बेडरूम १० बाय १२. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८ चौरस फूट. स्लॅब, म्हणजे छत, १२०. एकूण ५३८. याच रीतीने हॉल ६५४, दुसरी बेडरूम ५०९, पॅसेज १८४. किचनमध्ये डाडो टाइल्सचं, म्हणजे भिंतीवर लावलेल्या टाइल्सचं, क्षेत्र वजा करून ३३५. सगळं मिळून २,२२० चौरस फूट. यात स्लॅब ४९४ आणि भिंती १,७२६.

आता दार-खिडकीचं काय? त्या बेडरूमचं दार २१ चौरस फूट आणि खिडकी २०. घरगुती कामात बरेचजण ते वजा करत नाहीत, कारण जांबांच्या (दार-खिडकीच्या जागेत भिंतीच्या जाडीच्या आतल्या बाजूंच्या) कडा, कोपरे आणि टेप लावणं यात तेवढाच वेळ जातो. भारतीय मानक १२०० मध्ये मोजणीचे नियम आहेत आणि सोसायटीच्या कामात आर्किटेक्ट तेच धरतात. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा होत नाही, त्याहून मोठीला आकारानुसार नियम आहे. तुम्ही कोणतीही पद्धत धरा, पण लिहा. ‘दारे-खिडक्या वजा केलेल्या नाहीत, जांबांचे वेगळे पैसे नाहीत’ एवढी एक ओळ पुरते. ही ओळ नसेल तर शेवटच्या दिवशी कुणीतरी भाचा टेप घेऊन उभा राहतो आणि एकेका खोलीतून चाळीस-चाळीस फूट कमी करत जातो.

माप घेताना टेपचं दुसरं टोक ग्राहकालाच धरायला द्या, आकडे मोठ्याने वाचा आणि त्याच कागदावर उतरवा. स्वतः धरलेल्या टेपच्या मापावर माणूस शंका घेत नाही.

मटेरियल डब्यात मोजा, लिटरमध्ये नाही

कंपनीच्या डब्यावर लिहिलेला फैलाव, म्हणजे एका लिटरमध्ये किती चौरस फूट रंगतं तो आकडा, गुळगुळीत, आदर्श भिंतीचा असतो. जुन्या भिंतीवर मी इमल्शन रंगाच्या दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, लिटरमागे ६० चौरस फूट धरतो. भिंतींना २८.८ लिटर आणि स्लॅबला ८.२ लिटर लागले. पण रंग १, ४, १० आणि २० लिटरमध्ये मिळतो, म्हणून खरेदी भिंतींसाठी ३० आणि स्लॅबसाठी १० लिटर. ग्राहकाने तीन शेड निवडल्या तर भिंतींची बेरीज तीसच राहते, पण वीसचा एकही डबा येत नाही. दहाचे दोन, चारचे दोन आणि एकाचे दोन घ्यावे लागतात, आणि छोट्या डब्यात लिटरचा भाव जास्त पडतो. म्हणून शेडची संख्या कोटेशनमध्ये लिहायची: ‘स्लॅब पांढरा, भिंतींना जास्तीत जास्त ३ शेड.’

लांबीचे दोन हात किलोला १२ चौरस फूट धरले तर १८५ किलो, म्हणजे ४० किलोच्या पाच गोण्या. प्रायमर एक हात, २४ लिटर. शिवाय पॉलिश पेपर, मास्किंग टेप, फरशीवर टाकायचं प्लॅस्टिक, रोलर, ब्रश. या किरकोळ वस्तू प्रत्येक कामात दीड-दोन हजार खातात आणि नवीन मुलं नेमक्या याच विसरतात.

दर कसा काढायचा

पुढचे भाव हिशेबाची रीत दाखवण्यापुरते घेतलेत. तुमच्या गावच्या दुकानाचे आणि हजेरीचे भाव तिथे भरा.

लांबीच्या पाच गोण्या ४,५०० रुपये, प्रायमर ३,१२०, स्लॅबचा रंग २,०००, भिंतींचा १०,५००, किरकोळ सामान २,०००, टेम्पो आणि हमाली १,२००. मटेरियल झालं २३,३२०. दिवस बारा: घासणं-खरवडणं दोन, लांबी चार, घासकाम आणि प्रायमर दोन, रंगाचे हात तीन, टचअप आणि सफाई एक. दोन कारागिरांच्या २४ हजेऱ्या हजाराने, एका बिगाऱ्याच्या १२ हजेऱ्या सातशेने. मजुरी ३२,४००. एकूण खर्च ५५,७२०.

यावर माझे २० टक्के, म्हणजे ११,१४४. त्यात माझ्या देखरेखीचे दिवस, पेट्रोल, फोन, शिड्या, न मिळालेल्या कामांच्या चकरा आणि नफा, सगळं आलं. बेरीज ६६,८६४. भागिले २,२२० केलं की चौरस फुटाला तीस रुपये बारा पैसे येतात. मी तीस रुपये लावतो, रक्कम ६६,६०० होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. खर्चावर २० टक्के चढवले म्हणून बिलाच्या २० टक्के उरत नाहीत. उरतात साधारण साडेसोळा. त्यातून ग्राहक म्हणाला ‘दहा टक्के कमी करा’ आणि आपण भिडेखातर मान डोलावली, तर ६,६६० रुपये गेले. हातात राहिले ४,२२० रुपये, तेही बारा दिवसांच्या देखरेखीचे. एक दिवस पाऊस लागला आणि सगळ्यांची हजेरी वाया गेली की त्यातलेही २,७०० गेले. हा हिशेब मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. घासाघीस सुरू झाली की मला तो आठवतो.

कागदावर काय लिहायचं

वरच्या कामाचं माझं कोटेशन असं होतं:

‘कोटेशन क्र. ४७. दि. १० सप्टेंबर. हा दर २५ सप्टेंबरपर्यंत लागू.

काम: दुसरा मजला, टू बीएचके, फक्त आतील भिंती आणि स्लॅब. माप २,२२० चौ. फूट, दोघांसमोर घेतलेले, खोलीवार तक्ता सोबत. दारे-खिडक्या वजा केलेल्या नाहीत.

पद्धत: सुटलेला जुना रंग खरवडणे, बारीक भेगा भरणे, लांबीचे दोन हात, घासकाम, प्रायमरचा एक हात, इमल्शनचे दोन हात.

मटेरियल: कंपनी, प्रकार आणि शेड नंबर ग्राहकाने शेड कार्डवर सही करून दिल्याप्रमाणे. डबे सीलबंद येतील, ग्राहकासमोर उघडले जातील.

दर: मटेरियल आणि मजुरीसह ३० रुपये चौ. फूट. रक्कम ६६,६०० रुपये, अक्षरी सहासष्ट हजार सहाशे फक्त.

यात नाही: दरवाजे, ग्रिल, चौकटी, बाल्कनीची बाहेरील बाजू, प्लास्टर दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, इलेक्ट्रिकची कामे, कपाटे सरकवणे. यांपैकी काही हवे असल्यास दर सोबतच्या यादीत.

मुदत: घर रिकामे मिळाल्यापासून कामाचे १२ दिवस. वीज आणि पाणी ग्राहकाचे.’

यातला ‘यात नाही’ हा भाग लिहायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. काम हातात यायच्या आधीच ‘हे करणार नाही, ते करणार नाही’ काय सांगायचं, असं मलाही वाटायचं. अनुभव उलटा आहे. ही यादी वाचून निम्मे ग्राहक म्हणतात, ‘अरे हो, ग्रिलचंही बघा की,’ आणि काम वाढतं, तेही पैशांसकट.

‘चांगल्या प्रतीचा रंग’, ‘व्यवस्थित फिनिशिंग’, ‘आवश्यक ते सर्व’ हे शब्द कोटेशनमध्ये नकोतच. किती हात, कोणता प्रकार, कोणता शेड नंबर, एवढंच लिहा. फिनिशिंगचा वाद टाळायचा तर एका भिंतीवर तीन बाय तीन फुटांचा नमुना करून दाखवा, त्यावर ग्राहकाची पसंती घ्या आणि फोटो काढून ठेवा.

बाकीच्या धंद्यांतही असेच निसरडे शब्द आहेत. इलेक्ट्रिशियनने ‘पॉइंट’ म्हणजे काय ते लिहावं: वायर किती मीटरपर्यंत, बॉक्स आणि स्विच धरलेत का, भिंत चिरल्यावर बुजवणार कोण. सुताराने वॉर्डरोबचं माप दर्शनी भागाचं की आतलंही, प्लाय भारतीय मानक ३०३ चा (साधा) की ७१० चा (मरीन), जाडी किती मिलिमीटर, बिजागऱ्या आणि चॅनल कुणाचे, हे लिहावं. प्लंबरने फोडलेली टाइल परत बसवणं आपल्याकडे आहे की नाही हे लिहिलं नाही तर ते ग्राहक आपल्याकडेच धरतो.

हप्ते तारखेला नको, कामाला बांधा

‘दहा तारखेला दुसरा हप्ता’ असं लिहिलं आणि काम मागे पडलं की दोघेही अवघडतात. मी डोळ्यांना दिसणारे टप्पे धरतो. काम ठरताना ४० टक्के, म्हणजे २६,६४०. यात सगळं मटेरियल येतं, त्यामुळे दुकानदाराची उधारी डोक्यावर राहत नाही. लांबीचे दोन हात पूर्ण झाल्यावर ३० टक्के, १९,९८०. रंगाचा पहिला हात झाल्यावर २० टक्के, १३,३२०. टचअप आणि सफाईनंतर शेवटचे १० टक्के, ६,६६०. रकमा आकड्यांतच लिहा, नुसते टक्के नकोत. शेवटचा हप्ता छोटा ठेवा. तो ग्राहकाच्या मनाच्या समाधानासाठी असतो, आणि अडकलाच तर आपलं घर त्यावर चालू नये.

जीएसटी आणि टीडीएस

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी घेतलेली नसेल, तर बिलात जीएसटी लावता येत नाही. तसं कोटेशनमध्ये एका ओळीत लिहा. विथ मटेरियल काम घेत असाल तर उलाढाल पूर्ण बिलाची धरली जाते, नुसत्या मजुरीची नाही. मोठी दोन-तीन सोसायटीची कामं झाली की मर्यादा पटकन येते, म्हणून वर्षभर बेरीज ठेवा. नोंदणी असेल आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) नसाल तर रंगकामावर १८ टक्के वेगळे दाखवा: ६६,६०० अधिक ११,९८८, एकूण ७८,५८८. ‘जीएसटी वेगळा’ एवढंच बारीक अक्षरात लिहून खालचा आकडा लपवू नका. घरमालकाला द्यावा लागणारा पूर्ण आकडा त्याला पहिल्याच दिवशी कळला पाहिजे.

सोसायटीच्या कामात बिल ३० हजारांच्या वर गेलं की वैयक्तिक ठेकेदाराचा १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर, कापला जातो. पॅन दिला नसेल तर तोच २० टक्के होतो. घरगुती ग्राहक साधारण कापत नाहीत.

घासाघीस आली तर

कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ करून पाठवा, पण पाठवून गप्प बसू नका. फोन करून पाच मिनिटांत वाचून दाखवा. नवरात्र जवळ आलं की लोक एकाच वेळी चौघांकडून दर मागवतात आणि शेवटचा आकडा तेवढा बघतात. वाचून दाखवलं की त्यांना कळतं, दुसऱ्याच्या स्वस्त कोटेशनमध्ये लांबीचा एकच हात आहे.

मी दर कमी करत नाही, काम कमी करून देतो. ‘काका, साठ हजारांत बसवायचंय ना? मग दुसरी बेडरूम आत्ता सोडू, तिचे १५ हजार वाचतील.’ किंवा ‘मटेरियल तुम्ही आणा, मी मजुरीवर करतो.’ ग्राहकाला पर्याय मिळतो आणि आपला दर खोटा ठरत नाही. आज मागताक्षणी पाच रुपये फुटामागे कमी केले, तर काल ते जास्त का लावले होते, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच.

काम चालू असताना वाढलेलं काम

वर माप घेतलेल्या त्याच टू बीएचके फ्लॅटमध्ये खरवडताना बेडरूमच्या खिडकीखालचं प्लास्टर हातात आलं. कारागीर म्हणाला, ‘शेठ, लावून टाकू का पटकन?’ मी थांबवलं, फोटो काढला आणि घरमालक ताईंना मेसेज केला: ‘ताई, खिडकीखाली ६ बाय ३ फूट प्लास्टर सुटलंय, फोटो पाठवतोय. कोटेशनमध्ये हे नव्हतं. १८ चौ. फूट, यादीतल्या ९० रुपये दराने १,६२० रुपये, आणि वाळण्यासाठी त्या भिंतीचा रंग शेवटी घेऊ. चालेल का?’ वीस मिनिटांत ‘हो’ आलं. तोवर त्या भिंतीला कुणी हात लावला नाही, माणसं दुसऱ्या खोलीत घातली.

हो आल्याशिवाय थापी उचलायची नाही, हा नियम माझ्या सगळ्या माणसांना पाठ आहे. आधी करून मागून सांगितलं की रास्त पैसेही जास्तीचे मागितल्यासारखे वाटतात. मेसेज, फोटो आणि उत्तर बिल होईपर्यंत जपून ठेवा आणि शेवटच्या बिलात ‘जादा काम’ अशा वेगळ्या ओळीत तारखेसह दाखवा.

काम संपल्यावर वही उघडा

शेवटचा हप्ता आला की त्याच रात्री मी कोटेशन क्र. ४७ शेजारी खरा खर्च लिहिला. लांबी पाच गोण्या धरली होती, सहावी आणावी लागली, कारण हॉलची एक भिंत फारच वरखाली निघाली. दिवस बारा धरले होते, तेरा लागले. रंग मात्र दोन लिटर उरला, तो डब्यावर शेड नंबर लिहून ताईंकडे टचअपसाठी ठेवला. ३० वर्षं जुन्या इमारतीत लांबी किलोला १२ ऐवजी १० फूट धरायची, असं त्या पानाच्या खाली लाल शाईने लिहिलंय.